मुंबई-ठाणे-नवी मुंबईचे पक्षी: कॅमेरा उचलण्याआधी भरतीची वेळ बघा

खारकाठ

या विभागात लेन्सवर, कॅमेऱ्यांवर भरपूर धागे आहेत. ताडोबा आणि भरतपूरवरही आहेत. आपल्या दारातल्या खाडीवर मात्र सलग असं कुठे सापडत नाही, म्हणून हा धागा काढतोय. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उरण, वसई या टापूत पक्षी किंवा इतर वन्यजीव टिपणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या जागा आणि वेळा इथे लिहाव्यात. घरट्यांच्या जागा मात्र कृपया लिहू नका.

सगळ्यात आधी जे सांगायचंय ते कॅमेऱ्याचं नाहीच. 'पहाटे लवकर जा' हा सल्ला जंगलात बरोबर आहे, खाडीवर तो अर्धाच खरा. खाडीतले पक्षी पाण्याच्या वेळा पाळतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरायला पसरतात, आणि कधी कधी इतके लांब जातात की ६०० मिमीच्या लेन्समधूनही ठिपकेच दिसतात. भरती चढायला लागली की पाण्याच्या कडेबरोबर काठाकडे सरकतात. पाणी तिवरांच्या बुंध्याला लागलं की उठून दुसरीकडे विसाव्याला जातात. या तीन अवस्थांपैकी आपल्याला कोणती हवी ते घरी बसूनच ठरवायचं असतं. सूर्योदयाला शिवडीच्या धक्क्यावर पोचून समोर नुसता चिखल बघून परतणारी माणसं मी दर हिवाळ्यात पाहतो, आणि मग 'आता तिथे काही राहिलं नाही' असं कानावर येतं. पक्षी असतात, दोन किलोमीटर आत असतात.

दुसरी गोष्ट उजेडाची दिशा. शिवडीचा धक्का मुंबईच्या पूर्व काठावर आहे. तिथून खाडीकडे तोंड केलं की सकाळचा सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे दुपारी तीननंतरच जावं. ऊन पाठीमागून येतं आणि छोट्या रोहितांचा (लेसर फ्लेमिंगोंचा) गुलाबी रंग पुरता उठून दिसतो. नेरुळ-सीवूड्सचं बरोबर उलटं. तिथून खाडी पश्चिमेला, म्हणून तिथली सकाळ चांगली.

आता पाणी आणि ऊन यांची सांगड घाला. शिवडीला भरती साधारण एक ते सव्वादोनच्या दरम्यान पूर्ण होईल असा दिवस निवडा आणि साडेतीनला धक्क्यावर हजर राहा. पाणी उतरताना काठाजवळचा उंच चिखल आधी उघडा पडतो, त्यामुळे पक्षी आधी तिथेच उतरतात आणि मग पाण्यामागोमाग दूर जातात. तो तास-दीड तास सोन्यासारखा. नेरुळला भरती सकाळी साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास असलेली बरी. खाडीतला चिखल बुडाला की रोहित तिथल्या पाणथळींवर येतात: टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळची जागा, एनआरआय संकुलामागचा भाग, डीपीएस शाळेजवळचं तळं. हे पक्षी तिथे झोपायला, पिसं साफ करायला आलेले असतात. काठावर एका जागी बसून राहिलं तर तेच जवळ सरकतात.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, जवळपास १७ चौ. किमीचं. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता) मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाच्या बोटी सुटतात, त्यांच्या वेळाही रोजच्या भरतीप्रमाणे बदलतात. रोहित साधारण नोव्हेंबरपासून दिसू लागतात आणि मे अखेर किंवा पावसाच्या तोंडापर्यंत असतात.

शिवडीबद्दल आणखी एक. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, तो शिवडीहूनच निघतो. बरेच जण पूल टाळून फ्रेम लावतात. मी पुलासकट फोटो काढतो. हे पक्षी तेलाच्या टाक्या, धुराडी आणि पूल यांच्यासमोर जगतायत. ते सगळं कापून टाकलेला फोटो कच्छमधलाही असू शकतो.

तुमचे अनुभव लिहा.

---

मुग्धा_मुलुंड

फार उपयोगी धागा, खारकाठ. मी आतापर्यंत मोबाइलवरच फोटो काढलेत, आता कॅमेरा घ्यायचा आहे. भांडुप पंपिंग स्टेशन घरापासून जवळ, म्हणून सुरुवात तिथे करेन म्हणते. निकॉन पी९५० घ्यावा की वापरलेला डीएसएलआर आणि मोठी लेन्स? आणि भरतीची वेळ बघायची कुठे? एका ॲपवर एक वेळ दिसते आणि दुसऱ्यावर दुसरीच.

---

दर्यावर

नमस्कार. आमचं घर कोळीवाड्यातलं. मी फोटो मोबाइलवर काढतो, त्यामुळे लेन्सचं मला विचारू नका. भरतीचं सांगतो.

ॲप नसलं तरी अडत नाही. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. आज अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. द्वितीयेला दीड. त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा ते बारा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण कुठल्या दिवशी जायचं ते घरातल्या कालनिर्णयवरून ठरवता येतं. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं असतात.

मुग्धाताई, दोन ॲप दोन वेळा दाखवतात कारण एक अपोलो बंदरची वेळ देतं आणि दुसरं खाडीतल्या आतल्या ठिकाणची. समुद्राचं पाणी ठाण्याकडे चढत जाईपर्यंत वेळ जातो. भांडुप-ऐरोलीला भरती अपोलो बंदरपेक्षा उशिरा लागणार, तेवढी सूट धरा.

खारकाठ यांनी वेळ सांगितली, पण पाणी किती चढणार हेही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, मुंबईत साडेचार मीटरच्या वर जातं. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग. तेव्हा पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. भांगाला खाडीचा चिखल सगळा बुडत नाही, म्हणून पक्षी नेरुळच्या तळ्यांकडे तेवढे जात नाहीत. तळ्यावर जायचं तर त्रयोदशी-चतुर्दशी धरा. शिवडीला दुपारी जायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावरची प्रतिपदा ते तृतीया.

एक विनंती आहे. चिखलात उतरू नका. वरून कडक दिसतो, एका पावलात मांडीपर्यंत जातो. आमचे लोक निवट्या (चिखलात राहणारे मासे) धरायला जातात ते लाकडी फळीवर गुडघा टेकून सरकत जातात, आणि त्यांनाही पाणी कधी वळणार हे पाठ असतं. तिवरांत जाळी लावलेली असतात, ती फ्रेममध्ये येतात म्हणून कुणी सरकवू नका. त्यावर घर चालतं.

---

खारकाठ

दर्यावर, मनापासून आभार. उधाण आणि भांगाचा फरक मी लिहायलाच हवा होता असा महत्त्वाचा आहे आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा नीट सांगितलात. धाग्याच्या वर तुमचा प्रतिसाद चिकटवता आला तर संपादकांनी जरूर चिकटवावा.

मुग्धा, भांडुप पंपिंग स्टेशन महापालिकेच्या आवारात येतं, आत जायचे नियम अधूनमधून बदलतात, जाण्याआधी चौकशी करा. तिथे केवळ रोहितांसाठी जाऊ नका. रस्त्याच्या कडेचं गवत, साचलेलं पाणी आणि खारफुटी एकाच ठिकाणी मिळते, त्यामुळे हिवाळ्यात एका सकाळी शेकाट्या, तुतवार, खंड्या, जांभळी पाणकोंबडी, वेडा राघू आणि वरून गस्त घालणारा दलदली भोवत्या असं सगळं भेटू शकतं. शिकायला याहून चांगली जागा मुंबईत नाही असं माझं मत आहे. पक्षी विविध अंतरांवर असतात, हलणारे, बसलेले, उडणारे.

---

तांबट

कॅमेऱ्याचं मी सांगतो.

मुग्धा, पी९५० ला २००० मिमीपर्यंतची पोच आहे आणि वजन किलोभर. खाडीवर बसलेले पक्षी ओळखू येतील असे टिपायला तो उत्तम. सेन्सर छोटा असल्यामुळे कमी उजेडात दाणे येतात आणि उडणारा पक्षी पकडणं अवघड जातं. उडणाऱ्या पक्ष्यांची आवड असेल तर वापरलेला डीएसएलआर आणि सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००. वजन दुप्पट-तिप्पट होतं, ते खांद्याला झेपेल का ते दुकानात हातात धरून बघा. आई-बाबांबरोबर फिरताना, लोकलमधून जाताना जो कॅमेरा घरी ठेवावासा वाटेल तो घेऊ नका.

पण खाडीवर लेन्सच्या आकड्यापेक्षा जास्त त्रास देते ती झळ. सकाळी दहानंतर चिखल तापला की त्यावरची हवा थरथरते. दूरचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने टिपला तरी कडा विरघळल्यासारख्या येतात. लोक फोकस बिघडला समजून लेन्स दुरुस्तीला देतात. लेन्समध्ये काही दोष नसतो. उपाय दोनच: जवळचा पक्षी टिपा, किंवा हवा थंड असताना जा. ढगाळ दिवशी झळ कमी असते, मी मुद्दाम ढगाळ दिवस निवडतो.

पांढरे पक्षी. काळपट चिखलावर उभा मोठा बगळा दिसला की कॅमेरा चिखलाकडे बघून फोटो उजळ करतो आणि बगळ्याची पिसं पार उडतात, नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). उलट बाजूने, पांढऱ्या आकाशात उडणारी घार टिपताना एक स्टॉप वर घ्या, नाहीतर पोटाखालचं काहीच दिसत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलंत तर थोडी चूक सावरता येते, उडालेली पिसं मात्र परत येत नाहीत.

उडणाऱ्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद किंवा वेगवान. बोटीतून बसलेला पक्षी टिपतानाही १/१००० च्या खाली जाऊ नका, कारण इंजिनाची थरथर हातात येते. बोटीत तिपाई उघडू नका, ती थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवते. तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा.

आणि खारी हवा. घरी आल्यावर ओलसर, मग कोरड्या कापडाने कॅमेऱ्याचं अंग पुसा. पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवू नका, बॅगेचं अस्तर दमट राहतं आणि बुरशी तिथूनच लागते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक एवढ्यात काम होतं. मापक ४० ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे.

---

निनाद_वसई

धागा छान चाललाय. हिवाळ्यात आमच्याकडे आणि गेटवेलाही कुरव (सीगल) येतात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बोटीतून गाठ्या उडवल्या की डोक्यावर शंभरेक कुरव घिरट्या घालतात. उडणाऱ्या पक्ष्यांचा सराव करायला याहून सोपी संधी नाही, १८-५५ लेन्सनेही पूर्ण फ्रेम भरते. नवख्यांनी जरूर करून बघा.

---

सई_ऐरोली

निनाद, मला हे अजिबात पटत नाही, आणि नवख्यांना सुचवू नये असं वाटतं.

कुरवांचं अन्न मासे, कोळंबी, समुद्रावर तरंगणारं काहीबाही. तळलेलं, मीठ घातलेलं बेसन त्यांच्या पोटात कशाला? हे पक्षी मध्य आशियाकडून हजारो किलोमीटर उडून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासाला निघतात. त्याआधी अंगावर चरबी साठवायची असते. ती गाठ्यांवर साठणार आहे का? शिवाय एकाच ठिकाणी गर्दी करायची सवय लागते, मग तिथे कावळे आणि घारीही जमतात.

फोटोचंही बोलते. त्या गर्दीतल्या प्रत्येक फोटोत कुरव तोच असतो, चोच उघडी आणि नजर माणसाच्या हाताकडे. त्या पक्ष्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

---

निनाद_वसई

सई, अन्नाचं पटलं. पण एक बाजू आहे. माझ्या भाचीने पहिला पक्षी जवळून पाहिला तो त्या बोटीवरच, आणि तिथून तिला आवड लागली. लहान मुलांना दोन किलोमीटरवरचा ठिपका दाखवून आवड लागत नाही. काहीतरी जवळून दिसायला हवं ना?

---

दर्यावर

निनादभाऊ, जवळून बघायचं तर मासे उतरतात तिथे या. पाचूबंदरला, वर्सोव्याला होड्या लागल्या की जाळ्यातली बारीक मासळी बाजूला टाकली जाते आणि कुरव, सुरय, बगळे, घारी सगळे आपसूक येतात. ते आम्ही त्यांना बोलावलेलं नसतं, पिढ्यानपिढ्यांचं आहे. भाचीला आणा. फोटो काढण्याआधी बायकांना विचारा, माशांचा लिलाव चालू असताना मध्ये उभं राहू नका. विचारलंत तर चहाही मिळेल.

---

निनाद_वसई

हे खरंच चांगलं सुचवलंत. रविवारी पाचूबंदरला घेऊन जातो तिला.

---

शिंपला

सगळे आकाशाकडे बघतायत, मी पायाखालचं लिहिते.

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर जिथे खडक आहेत, म्हणजे हाजी अली, वरळी, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहूचा काही भाग, तिथे उधाणाच्या ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत जे दिसतं ते मोठ्या लेन्सशिवाय टिपता येतं. समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, रंगीत बिनकवची समुद्री गोगलगाय, कधी ऑक्टोपस, आणि प्रवाळ. हो, मुंबईत प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीजवळच्या प्रवाळांचं स्थलांतर करावं लागलं होतं. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या रांगेत. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी किनाऱ्यावर फेऱ्या नेतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांच्याबरोबरच जावं असं मी म्हणेन. नुसत्या डोळ्यांना खडक दिसतो, दाखवणारं कुणी असलं की त्याच खडकावर वीस जीव दिसतात.

दर्यावर यांचं गणित इथे फार कामाचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सहाच्या आसपास, सकाळी आणि संध्याकाळी. सर्वांत खोल ओहोटी आणि कोवळं ऊन एकाच वेळी मिळतं. कोष्टकात ओहोटीची उंची अर्ध्या मीटरच्या खाली दिसली तर नक्की जा. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं.

फोटोसाठी मोबाइल पुरतो. पाण्यावरची चमक घालवायला ध्रुवण (पोलरायझर) फिल्टर लावा, मोबाइलसाठीही क्लिपचे मिळतात. फ्लॅश नको. स्वतःची सावली डबक्यावर पडू देऊ नका, सगळे जीव लगेच आत जातात. दगड उलटवलाच तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर हात लावू नका, त्यातल्या काही जातींचा डंख विषारी असतो. पावसाळ्यात जुहूला निळ्या फुग्यासारखे ब्ल्यू बॉटल वाहून येतात, ते मेलेले दिसले तरी डंख करतात. उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चाला, वाळूत पाकट असला तर बाजूला होतो.

---

डोंगरवाट

खाडी आणि समुद्र झाले, डोंगराचंही थोडं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर, आरे, आणि पनवेलपुढे कर्नाळा. कर्नाळा छोटं आहे, १२ चौ. किमीच्या आसपास, पण जुनं, १९६८ चं अभयारण्य. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ बसलं तर स्वर्गीय नर्तक येतो. पावसाच्या सुरुवातीला नवरंगाची शीळ ऐकू येते.

जागांपेक्षा मला दुसरं बोलायचंय. पावसाळ्यात तिबोटी खंड्या कोकणात घरटं करतो, ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ खणून. पक्षी चिमणीएवढा, रंग असा की पाहिल्यावर विसरत नाही. त्याची एक जागा कळली की आठवड्यात तिथे गाड्यांची रांग लागते. समोरच्या वेली, फांद्या फ्रेममध्ये येतात म्हणून छाटल्या जातात. त्या फांद्यांनीच बीळ सापापासून, कावळ्यापासून लपलेलं असतं. पक्षी सरडा, खेकडा, कोळी असं काही तोंडात धरून येतो, समोर माणसं दिसतात म्हणून आत जात नाही, वाट बघत बसतो. आपल्याला तो 'सुंदर पोज' वाटतो. आत पिल्लं उपाशी असतात.

माझ्यापुरतं मी घरट्याचे फोटो काढणं बंद केलंय. स्पर्धांनीही ते घेऊ नयेत असं मला ठाम वाटतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं हेही त्यातलंच. विणीच्या काळात नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि तो सगळं सोडून भांडायला येतो.

बिबट्याबद्दल एकच वाक्य. आरे किंवा येऊरला दिसला तर गाडीत राहा, पाठलाग करू नका, आणि जागा, वेळ समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी जमते आणि तिथल्या पाड्यांतल्या लोकांना त्याचा त्रास होतो.

---

तांबट

+१. फोटोवर ठिकाण टाकायचं तर 'रायगड जिल्हा' एवढं पुरे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही संवेदनशील जातींची नेमकी जागा लपवली जाते, आपण का उघड करायची? मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप जाते, ती सेटिंगमध्ये बंद करा.

---

खारकाठ

डोंगरवाट, अक्षरन् अक्षर पटलं.

दोन गोष्टी सुचतात, दोन्ही फोटोचा उपयोग काय यावरच्या.

पहिली. चिखलावरच्या पक्ष्यांचे पाय टिपा. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ पासूनची आपल्या शहरातली संस्था) पक्ष्यांच्या पायात वळी घालते, तुतवार-चिखल्यांसारख्या पक्ष्यांच्या पायावर रंगीत पट्टीही असते. बाहेरच्या देशांत पट्टी लावलेले पक्षीही इथे येतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही रोहितांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, त्यातून ते गुजरातकडे कसे जातात ते कळू लागलं. पण यंत्र मोजक्याच पक्ष्यांवर असतं. वळ्यावरचा आकडा, पट्टीचा रंग आणि त्यावरची अक्षरं तुमच्या फोटोत वाचता आली तर तारीख, जागा लिहून बीएनएचएसला पाठवा. तो पक्षी कधी, कुठे पकडला होता ते त्यांच्या नोंदींतून निघतं. चोचीवर फोकस करून पाय कापलेला फोटो छान दिसतो, पण त्यातून हे काही मिळत नाही. निदान एक तरी फोटो पायांचा घ्या.

दुसरी. पाणथळीचेही फोटो काढा, पक्षी नसतानाचे. एकाच जागी उभं राहून, तीच फ्रेम, दर महिन्याला. नेरुळची तळी, उरणची पाणजे पाणथळ, यांचा जीव भरतीचं पाणी आत येणाऱ्या वाटेत असतो. ती वाट बुजली की तळं सुकतं किंवा पाणी सडतं आणि रोहित तिथे उतरत नाहीत. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तिसांहून अधिक रोहित मेले. हे पक्षी रात्रीही जागा बदलतात, भरती रात्रीही येते. विसाव्याच्या जागा जेवढ्या कमी होतील तेवढं त्यांना शहरावरून जास्त भटकावं लागेल, अशी मला काळजी वाटते. ओळीने लावलेले वर्षभराचे बारा फोटो पाण्याचं काय झालं ते कुणालाही दाखवतात. न्यायालयात, समितीपुढे असे फोटो उपयोगी पडतात. लाख लाइक मिळालेला उडत्या थव्याचा फोटो तिथे कामाचा नसतो.

---

सई_ऐरोली

खारकाठ, ठिकाणं वाटून घेऊया का? डीपीएसच्या तळ्याचे मी दर महिन्याच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी काढीन, पूर्व कोपऱ्यातून. पाणजेला कोण?

---

निनाद_वसई

उरणला माझी बहीण राहते. पाणजेचे मी घेतो, महिन्यातून एकदा जाणं होतंच.

---

वाळूवरची_पावलं

मध्येच विचारतेय, क्षमस्व, पण घाई आहे. आज सकाळी मोठ्या पावसानंतर किनाऱ्यावर मोठा पांढरा पक्षी बसलाय. पंखांच्या कडा काळ्या, तोंडाजवळ काळपट, पिवळसर चोच. उडत नाही. लोक फोटो काढतायत, एकजण उचलून पाण्यात सोडा म्हणतोय. काय करू?

---

शिंपला

पाण्यात सोडू देऊ नका! वर्णनावरून मास्क्ड बूबी असावा. हा खोल समुद्रावरचा पक्षी, पावसाळी वादळात भरकटून मुंबईच्या किनाऱ्यावर येतो. थकलेला असतो, समुद्रात सोडला तर बुडून मरेल.

लगेच वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. तोपर्यंत लोकांना मागे सारा, कुत्री दूर ठेवा. पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. अगदीच उचलायची वेळ आली तर वरून जाड टॉवेल टाकून, पंख अंगालगत धरून उचला. चोच टोकदार असते आणि तो सरळ डोळ्यांवर मारतो, चेहरा लांब ठेवा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. ओळख पटवायला लांबून एक फोटो पुरे.

---

वाळूवरची_पावलं

फोन लागला, माणसं निघालीत. टॉवेल टाकून खोक्यात ठेवलाय. मुलांना लांब उभं केलंय.

---

वाळूवरची_पावलं

घेऊन गेले. पंख मोडलेला नाही, अशक्त आहे म्हणाले. शिंपला, मनापासून धन्यवाद.

---

मुग्धा_मुलुंड

वाचूनच इतकं बरं वाटलं. कळवत राहा त्याचं पुढे काय होतं ते.

माझंही सांगते. पी९५० घेतला. आता हिवाळ्याचं वेळापत्रक करतेय. दर्यावर, बरोबर आहे का बघा: कार्तिक पौर्णिमेनंतरची द्वितीया, भरती दीडच्या सुमारास, साडेतीनला शिवडी. आणि त्याच पंधरवड्यातली त्रयोदशी, भरती पावणेदहाला, नऊपर्यंत नेरुळला.

---

दर्यावर

दोन्ही बरोबर. नेरुळला मात्र साडेआठलाच पोचा. पाणी चढत असताना थवे खाडीवरून तळ्याकडे येतात, ते उतरताना बघायला मिळतील. आणि शिवडीला जाल त्या दिवशी वारा कुठून आहे ते बघून घ्या. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि उतरतात, वारा पश्चिमेचा असला तर तुमच्याकडे तोंड करून येतील.